टप कोन घासते?

बुलढाण्याला आम्हाला राहायला मिळालेल्या घराच्या न्हाणीघरात एक लांबलचक पांढरं भांडं होतं. पहिल्या दिवशी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही गुरांना पाणी पाजायची डोणी असणार. पण डोणी घरात कशाला आणतील, आणि तिला वाघाच्या पंज्यांसारखे चार लोखंडी पाय कशाला बसवतील, ते काही कळेना. मी दारातच उभी राहिले.

माझं लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांना राहायला मिळालेलं घर म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या एका सायबाचा बंगला, मधे भिंत घालून दोन बिऱ्हाडांचा केलेला. पलीकडे गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर आणि त्यांची बायको राहत. मोठा दिवाणखाना त्यांच्या वाट्याला गेला होता, न्हाणीघर आमच्या.

"हा टप आहे," हे म्हणाले. "सायब लोक ह्याच्यात बसून आंघोळ करायचे."

"बसून? म्हंजे पानी आंगावर घेत नव्हते?"

"पान्यातच बसाचे ना."

"अन् मंग आंगाचा मळ?"

"तो पन पान्यातच."

"अन् ते पानी?"

ह्यांनाही पुढचं ठाऊक नव्हतं. ते हसले आणि कचेरीत निघून गेले. मी पिंपळगाव राजाची, शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. वाहत्या पाण्यानं मळ जातो, साचलेल्या पाण्यात तो राहतो, एवढं मला माहीत होतं. एवढे शिकलेले सायब आपल्याच मळात का बसत असतील, याचा मी दुपारभर विचार केला.

टपाच्या वर भिंतीतून एक नळी आली होती आणि तिच्या तोंडाला झाडांना पाणी घालायच्या झारीसारखी चाळणी होती. शेजारच्या कंपाउंडरांची बायको, म्हणजे भाभी, त्याला फवारा म्हणत, हे शॉवर म्हणत. बाहेर चार खांबांवर लोखंडी टाकी होती, तिच्यातून त्याला पाणी यायचं म्हणे. टाकी कोरडी ठणठणीत होती. आम्ही आपले टपाच्या शेजारच्या फरशीवर बादली-तांब्या घेऊन आंघोळ करायचो. टपात मी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, रचून ठेवल्या होत्या. सरपण ओलं होऊ नये म्हणून इतकी चांगली जागा घरात दुसरी नव्हती.

असे दिवस चालले होते आणि डोणगावहून माझे सासरे आले.

मी त्यांना मामाजी म्हणायची, म्हणजे मनातल्या मनात. तोंडानं म्हणायची वेळच कधी आली नव्हती. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि त्यांनी काही विचारलं तर उत्तर भिंतीकडे पाहून द्यायचं, अशी तेव्हाची रीत. तेही मला थेट काही म्हणत नसत. चहा हवा असला तर खुर्चीला सांगायचे, "चहा झाला असन तर पाहा लागते." त्यांचे गुडघे धरले होते. बसले की उठता येत नव्हतं, उठले की पाऊल टाकता येत नव्हतं. ह्यांनी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की रोज सकाळी कमरेपर्यंत कोमट पाण्यात बसायचं, पाण्यात मूठभर मीठ टाकायचं. घरी टप आहे का, असंही विचारलं.

"आहे!" ह्यांनी एवढ्या ताठ मानेनं सांगितलं म्हणे, की जणू तो यांनीच बांधला होता.

संध्याकाळी मला हुकूम झाला की टप साफ करायचा.

पऱ्हाट्या काढून मी न्हाणीघराच्या मागच्या दाराला बाहेरून लावून ठेवल्या. हो, त्या न्हाणीघराला दोन दारं होती. एक घरातलं आणि एक मागच्या अंगणातलं, पूर्वी पाणी भरणारे आणि मोरी साफ करणारे तिकडूनच येत. ते दार बाहेरून कडी लावून बंद असायचं, म्हणून तिथं सरपण रचायला काही हरकत वाटली नाही. टप रिकामा झाला तेव्हा तळाला माती, काटक्या, उंदराच्या लेंड्या आणि एक मेलेली पाल निघाली. ते सगळं काढून मी दोन बादल्या पाणी ओतलं आणि घासायला बसले.

पण कशानं घासायचं? पितळेला चिंच, लोखंडाला वाळू, दगडी फरशीला केरसुणी. हा टप कशाचा आहे तेच मला कळत नव्हतं. दिसायला लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीसारखा, वाजवला तर लोखंडासारखा. मी आधी राख घेतली आणि नारळाच्या शेंड्यांनी घासलं. पुष्कळ मळ निघाला. मग रिठ्याच्या पाण्यानं धुतलं. पांढरं तेज दिसायला लागलं तसा मलाही हुरूप आला. फक्त नळाच्या खाली एक तांबूस पट्टा होता तो जाईना. मी विटेची पूड घेऊन तिथं जोर लावला. तांबूस गेलं आणि काळं आलं. आणखी घासलं तर काळं वाढलं. आता हा आतला मळ वर येऊन राहिला की टपच झिजून राहिला? थांबावं की घासावं? थांबले तर अर्धवट, घासले तर कदाचित नुकसान.

मी भाभींना हाक मारली. त्या वयानं माझ्याहून खूप मोठ्या, डोक्यावर ओढणी, हातात कायम काही ना काही निवडायला घेतलेलं. त्यांनी बोट लावून पाहिलं.

"अगं बहन, ये तो तामचिनी है," त्या म्हणाल्या. "थाली का टवका उडतो तर आतून काला दिसतो ना? वैसाच. अब मत घिस."

तामचिनीच्या, म्हणजे लोखंडावर पांढरा मुलामा दिलेल्या थाळ्या आमच्या घरी होत्याच. मला हे आधीच सुचायला हवं होतं. मी हात आवरला. तो काळा डाग तळहाताएवढा होऊन तसाच राहिला.

फवाऱ्याचं काम दुसऱ्या दिवशी. ह्यांनी माणसं लावून टाकी भरून घेतली होती. चाळणीची भोकं पाण्यातल्या क्षारानं बुजली होती. मी टपाच्या काठावर चढले, एका हातानं नळी धरली आणि दुसऱ्या हातानं चिंचेचा कोळ लावून एकेक भोक दाभणानं मोकळं करायला लागले. थोडी पांढरी खपली पडली. मग नळी धरलेला हात घसरून खालच्या चावीवर गेला आणि ती फिरली. आधी नळीत कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज झाला. मग गंजाचं लाल पाणी, मग धो धो साधं पाणी, सगळं माझ्या डोक्यावर. मी किंचाळले. चावी उलटी फिरवायची की सुलटी तेच आठवेना. जितकी फिरवावी तितकं पाणी जास्त.

किंचाळी ऐकून मामाजी काठी टेकत दारापर्यंत आले. मी टपात उभी, नखशिखांत भिजलेली, हातात दाभण, आणि पदर कुठे आहे त्याचा पत्ता नाही. त्यांनी झटकन पाठ फिरवली. मग समोरच्या भिंतीला म्हणाले, "पाऊस आला वाटते." आणि काठी टेकत परत गेले.

ते रागावले होते की हसत होते, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही. रात्री ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, "बाबा हासत नाहीत कधी." म्हणजे रागावलेच असतील असं मी धरून चालले.

मामाजींची टपातली आंघोळ सुरू झाली. टपाचं बूच हरवलेलं, म्हणून सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात चिंध्या बांधून मी एक बोळा केला. चुलीवर दोन हंडे तापवून टपात ओतायचे, थंड पाणी मिसळायचं, मीठ टाकायचं आणि बाहेर यायचं. मामाजी आत जाऊन कडी लावायचे. पहिल्या दिवशी त्यांनी दाराला ऐकवलं, "साचल्या पान्यात म्हैस बसते." पण बसले. दुसऱ्या दिवशी काही बोलले नाहीत. हे कचेरीत गेलेले असत. मी स्वयंपाकघरात असे.

त्यांची आंघोळ झाली की टप घासायचं काम माझं, असं मी गृहीत धरलं होतं. पहिल्या दिवशी राख आणि शेंडी घेऊन आत गेले तर टप स्वच्छ. नुसता रिकामा नाही, स्वच्छ. तळाला मिठाचा खडासुद्धा नाही, काठ कोरडा पुसलेला. मला वाटलं, पाणी जाताना सगळं घेऊन गेलं असेल. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी भिंतीला कान लावला. आतून घासल्याचा आवाज येत होता. खसाखस, थांबून थांबून, मधे धापा टाकल्याचा आवाज.

ज्यांच्याच्यानं गुडघे वाकवत नाहीत ते सासरे टप घासत होते, आणि घरात सून धडधाकट होती. कुणाला कळलं तर? आणि ते का घासत होते? मी घासलेला त्यांना स्वच्छ वाटत नसेल? तो काळा डाग त्यांनी पाहिला असेल? की त्या दिवशी मला तसं भिजलेलं पाहिलं म्हणून माझा हातच त्यांना नको झाला असेल?

रात्री मी ह्यांना सांगितलं.

"कोन, बाबा?" हे अंथरुणावर उठून बसले. "घरी तर पेलेला तांब्या उचलून ठेवत नाहीत. तुले भास झाला."

"मी ऐकलं ना!"

सकाळी ह्यांनी हसत हसतच विचारलं, "बाबा, तुमी टप घासता काय?"

मामाजींनी चहाची बशी खाली ठेवली. "कोन म्हनते?" त्यांचा आवाज असा चढला की हे सायकल घेऊन निघून गेले. मी चुलीपाशी पाठ करून बसले होते. त्या दिवशीही टप स्वच्छ होता.

आता ते खोटं बोलले होते हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. तरी दोघांनाही बोलता येत नव्हतं. एकदा मी धीर करून दाराशी जाऊन म्हणाले, "मामाजी, राहू द्या, मी धुतो." आमच्याकडे बायाही 'मी धुतो', 'मी करतो' असंच म्हणतात. आतला आवाज थांबला. मी तिथून गेल्यावर पुन्हा सुरू झाला.

भाभींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बुजुर्ग आहेत, त्यांची मर्जी." पण त्याही जरा विचारातच पडलेल्या दिसल्या.

मग तो सोमवार आला. हे कामावर मोताळ्याला गेले होते, संध्याकाळपर्यंत यायचे नव्हते. मामाजी नेहमीप्रमाणे आत गेले. माझं वरण शिजलं, भाकरी झाल्या, तरी कडी वाजली नाही. घासल्याचा आवाजही नाही. मी दाराशी गेले.

"मामाजी?"

"काई नाई," आतून आवाज आला.

मी परत आले. ताट वाढायला घेतलं, ठेवलं. पुन्हा गेले.

"मामाजी, पानी थंड झालं असन."

"झालं."

"मंग?"

मग आवाज आला, अगदी हळू, "उठता येऊन नाई राह्यलं."

दाराला आतून कडी. दार फोडलं तरी मी आत कशी जाणार? बाहेरून मागच्या दारानं जावं तर तिथं पऱ्हाट्यांचा ढीग, आणि तिकडूनही जाऊन काय करणार? मी सून. पण ते थंड पाण्यात बसले होते आणि थंडीचे दिवस होते. मी धावत भाभींकडे गेले. त्यांनी हातातलं सूप खाली टाकलं आणि मागच्या कुंपणापलीकडच्या गुरांच्या दवाखान्याकडे तोंड करून अशी हाक मारली की झाडावरची पाखरं उडाली. कंपाउंडर हातात पट्टीचं काम घेऊन होते. पलीकडून आवाज आला, "गाय बांधली आहे, सोडून येतो!"

"तू दरवाज्याकडे जा," भाभी मला म्हणाल्या. "त्यांच्याशी बोलत राहा. चक्कर नको यायला. लाकडं मी काढतो."

त्या मागे पऱ्हाट्या उपसायला लागल्या आणि मी पुन्हा घरातल्या दाराशी जाऊन उभी राहिले. बोलत राहा म्हणे! ज्या माणसाशी मी लग्न झाल्यापासून दहा शब्द बोलले नव्हते, त्याच्याशी, बंद दारातून, तो असा पाण्यात बसलेला असताना काय बोलायचं?

"मामाजी, कंपाउंडर भाईसाब येऊन राह्यले."

"हाव."

"लागलं काय कुठं?"

"नाई."

मग मी काय विचारावं? शेतीचं काय माहीत मला त्यांच्या? कुठून बोलणं काढावं हे न सुचून मी तेच विचारलं जे माझ्या डोक्यात होतं.

"मामाजी, तुमी टप काऊन घासता?"

आत पाणी जरासं हललं.

"माया घासलेला बराबर नसते काय?" मी म्हणाले. "तसं असन तर सांगा ना. मी दुसऱ्या कशानं घासतो."

"तसं नाई बाई," ते म्हणाले. 'बाई' म्हणून ते मला पहिल्यांदाच उद्देशून बोलले होते. मग थांबून थांबून, दात वाजत असताना, ते बोलले. "पयल्या दिवशी पानी सोडलं. पानी गेलं, पन पान्याची रेघ राह्यली. काळी. टपाच्या चारी बाजूनं. मी पाहूनच राह्यलो. म्हनलं, हे मायंच व्हय काय? गावाले मोरीत आंघोळ करतो त पानी वाहून जाते. मांगं काय राह्यते ते मी कधी पाह्यलंच नाई. तुई सासू धुते. माया मायनं धुतलं असन आंधी. मले काय मालूम?"

मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिले.

"अन् ते तू धुवावं काय? कालची पोरगी तू. कोनाच्या घरची. माया आंगाचा मळ तू काऊन काढावा?"

"सुनेचं कामच व्हय ते," मी म्हणाले. मला तसंच शिकवलेलं होतं.

"असन," ते म्हणाले. "पन मले लाज वाटली." मग घाईनं, "कोनाले सांगू नोको. पोराले त बिलकुल नोको."

"नाई सांगत."

तेवढ्यात मागची कडी वाजली. कंपाउंडर आत आले, भाभी बाहेरच थांबल्या. कंपाउंडरांचा आवाज मला ऐकू आला, "चाचा, हात माझ्या खांद्यावर टाका. मी रोज बैल उठवतो, तुम्ही तर काहीच नाही." मग पाण्याचा मोठा आवाज, मामाजींचं कण्हणं, आणि मग, मी शपथेवर सांगते, मामाजींचं हसू. बारीक, खोकल्यासारखं, पण हसूच. चादरीत गुंडाळून त्यांना बाहेर आणलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. भाभींनी शेगडी आणून दिली. त्यांच्या हातांना पऱ्हाट्यांनी ओरखडे आले होते.

त्या दिवशी टप मी घासला. बोळा काढला, पाणी गेलं, आणि रेघ दिसली. खरंच होती, एकसारखी, कोळशानं ओढल्यासारखी. मी शेंडी हातात घेऊन कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसले. रोज घरातल्यांचे कपडे, भांडी, मोऱ्या धुवायची, तेव्हा कधी काही मनात आलं नव्हतं. आज हे पुसताना मला वाईट वाटावं की बरं वाटावं? त्यांचा मान राखला गेला की गेला? मी घासून टाकलं. फार जोर लावावा लागला नाही.

मामाजींनी टपात बसणं सोडलं. ह्यांना एवढंच सांगितलं गेलं की पाय घसरला होता. कंपाउंडर आठ-दहा दिवस रोज येऊन त्यांच्या गुडघ्यांना कसलंतरी उग्र वासाचं तेल चोळायचे. ते गुरांचं होतं की माणसांचं, आम्ही विचारलं नाही. थोडा गुण आला. मामाजी काठीवर डोणगावला परत गेले. जाताना त्यांनी खुर्चीला नाही, मला सांगितलं, "येतो बाई." मी पाया पडले.

पुढच्या पोळ्याला आम्ही गावी गेलो. पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी मला मागच्या दारी नेऊन बसवलं आणि इकडेतिकडे पाहून विचारलं, "काय वं, बुलढान्याले काय झालं?"

"काय झालं?"

"ह्यायले काय झालं म्हनतो मी! आंघोळ झाली का खराटा घेऊन मोरी घासतात. मी म्हनतो सोडा, त ऐकत नाईत. शेजारपाजारच्या बाया पाह्यतात. म्हनतात, म्हाताऱ्यानं बायकोले काढून टाकलं काय कामावरून?" त्यांचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्षं केलं मी. आता माया हात काऊन नको झाला त्यायले? तू काही बोल्ली काय?"

मला सगळं माहीत होतं आणि मी सांगू शकत नव्हते. मामाजींना शब्द दिला होता. आणि समजा सांगितलं असतं, की त्यांना तुमची कीव आली, की स्वतःची लाज वाटली, तर सासूबाईंना ते आवडलं असतं का? की आणखीच लागलं असतं? मामाजींना वाटत होतं ते बायकोवरचं ओझं उतरवत आहेत. सासूबाईंना वाटत होतं त्यांना घरातून थोडं थोडं काढून टाकलं जात आहे. दोघंही एकाच मोरीबद्दल बोलत होते, खरं म्हणजे बोलतच नव्हते.

"मी काई नाई बोलली," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पटलं नव्हतं. मग पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बरं घासतात पन. मायापेक्षा चांगली निघते." आणि ह्याचा त्यांना राग आला आहे की कौतुक वाटतं आहे, हे मला तेव्हाही कळलं नाही. आतून मामाजींनी पाणी मागितलं. आम्ही दोघी एकदमच उठलो.